यशोगाथेतील जनसंपर्क : गिरगाव ते लोअर परळ या पट्ट्यातील लहान संस्थांची एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी वृत्तपत्रांच्या उद्योगविषयक पुरवण्या, दिवाळी अंकांतील मुलाखती आणि व्यवसाय-मार्गदर्शनपर पुस्तके यांतून गेल्या तीन-चार दशकांत ‘यशोगाथा’ हा लेखनप्रकार चांगलाच स्थिरावला आहे. उद्योग मसाल्यांचा असो, सहलींचा असो वा छपाईचा. गाथेचा आराखडा बहुधा ठरलेला असतो. जनसंपर्काचा व्यवसायही त्याला अपवाद नाही. नायक किंवा नायिका नोकरी सोडते. गिरगावातील वा दादरमधील एका खोलीत एक टेबल आणि एक दूरध्वनी एवढ्या सामग्रीवर काम सुरू होते. पहिला ग्राहक ओळखीतून मिळतो. एका बातमीने त्याचे नाव होते आणि त्याच्या नावामागोमाग संस्थेचे. मग माणसे वाढतात, आणि अखेरच्या परिच्छेदात लोअर परळच्या काचेच्या इमारतीतील नव्या कार्यालयाचे वर्णन येते. चिकाटी, ‘कॉन्टॅक्ट्स’ आणि मराठी माणसाने धंद्यात उतरावे हा उपदेश, या तीन घटकांवर संपूर्ण गाथा उभी असते.

या गाथा खोट्या असतात असे म्हणण्याचे कारण नाही. खोली खरी असते, दूरध्वनी खरा असतो, कष्टही खरे असतात. आक्षेप आहे तो गाथेच्या हिशेबाविषयी. लहान जनसंपर्क संस्थेचे भांडवल म्हणजे ओळखी, असे ती गृहीत धरते. वास्तविक या व्यवसायात ओळखी लवकर मिळतात आणि लवकर झिजतात. टिकाऊ भांडवल दोनच प्रकारचे असते : ज्या भाषेत काम करावयाचे त्या भाषेवरील पकड, आणि ग्राहकाला ‘नाही’ म्हणण्याची ऐपत. यशोगाथेच्या जमाखर्चात नेमक्या या दोन बाबींना रकानाच नाही. प्रस्तुत लेखात गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या परिसराच्या संदर्भात या उणिवेची चिकित्सा करावयाची आहे.

पाटीवरचा शब्द

या परिसरातून फिरताना ‘जनसंपर्क कार्यालय’ अशी पाटी वारंवार दृष्टीस पडते. ती व्यावसायिक संस्थेची नसते. नगरसेवक, आमदार, खासदार किंवा पुढील निवडणुकीस इच्छुक असलेला कार्यकर्ता यांच्या बसण्याच्या जागेचे ते नाव असते. आत रेशनकार्ड, शाळाप्रवेश, पाण्याची तक्रार, केईएममधील खाट असे विषय चाललेले असतात. शासनानेही हा शब्द स्वीकारला. राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय ‘लोकराज्य’ हे मासिक प्रसिद्ध करीत आले आहे. ज्यांचा हा व्यवसाय आहे त्या खासगी संस्था मात्र आपल्या पाटीवर आणि बोलण्यात ‘पीआर’ हेच अक्षरयुग्म वापरतात. मराठी शब्द राजकारण्यांकडे आणि सरकारकडे गेला, इंग्रजी आद्याक्षरे बाजाराकडे गेली. ही वाटणी सहज झालेली असली तरी अर्थहीन नाही. पहिल्या अर्थात जन हे समोर येऊन बसतात. दुसऱ्या अर्थात त्यांची गाठ वृत्तपत्राच्या पानावरच पडते.

या दोहोंहून जुना शब्द ‘प्रसिद्धी’. सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाच्या कार्यकारिणीत अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार यांच्याबरोबर ‘प्रसिद्धिप्रमुख’ असे पद असते. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीतील उत्सव १८९३ पासूनचा, चिंचपोकळीच्या चिंतामणीचे मंडळ १९२० चे, गणेशगल्लीचे १९२८ चे, लालबागच्या राजाचे १९३४ चे. या मंडळांतून आणि त्यांच्यासारख्या शेकडो लहान मंडळांतून पत्रक लिहिणे, वर्तमानपत्राच्या कचेरीत ते नेऊन देणे, नाक्यावरचा फलक खडूने रंगवणे ही कामे पिढ्यान्पिढ्या बिनपगारी होत आली. लहान जनसंपर्क संस्थेचा पूर्वज शोधावयाचा तर तो लंडन-न्यूयॉर्कच्या इतिहासात शोधण्यापूर्वी या प्रसिद्धिप्रमुखात शोधावयास हवा. लालबागच्या राजाची कीर्ती २००७-०८ च्या सुमारास सुरू झालेल्या चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्यांनी देशभर नेली हे खरे. परंतु ‘नवसाला पावणारा’ ही दोन शब्दांची ओळख कोणत्याही संस्थेच्या बैठकीत तयार झालेली नव्हती. व्यवसायाला जे पैसे घेऊन जमत नाही ते येथे तोंडोतोंडी झाले होते.

एक जुना नमुना

यशोगाथेचा साचा अलीकडचा असला तरी स्वतःच्या उद्योगाची कहाणी स्वतःच सांगून त्याला लोकाश्रय मिळविण्याचा एक जुना आणि अधिक प्रामाणिक नमुना याच परिसरात सापडतो. तो धुंडिराज गोविंद फाळके यांचा. फाळक्यांकडे चित्रपटनिर्माते म्हणून पाहण्याची सवय असल्याने प्रसिद्धीचे कारागीर म्हणून त्यांच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

१९१२ मध्ये त्यांना भांडवल हवे होते आणि दाखविण्यासारखे काहीच हातात नव्हते. त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली आणि ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा पट पैसे लावू शकणाऱ्यांना दाखविला. दादरच्या ज्या रस्त्यावर पुढे ‘राजा हरिश्चंद्र’चे काम झाले तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चित्रपट तयार झाल्यावर २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी खास खेळ झाला, आणि ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. सुरतेत उत्पन्न घटले तेव्हा सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशा आशयाची जाहिरात त्यांनी केल्याचे सांगितले जाते. येथे तीन वेगळे श्रोते आहेत : सावकार, प्रतिष्ठित नागरिक व संपादक, आणि तीन आण्यांचा प्रेक्षक. प्रत्येकाशी बोलण्याची रीत वेगळी आहे. सावकाराला तंत्र दाखविले, प्रतिष्ठितांना मान दिला, प्रेक्षकाला आकडा आणि लांबी दिली. आणि तिन्ही ठिकाणी जे सांगितले ते पडताळून पाहता येण्याजोगे होते. रोप खरोखर वाढत होते, फीत खरोखर लांब होती.

(योगायोगाची गोष्ट अशी की, भारतात २१ एप्रिल हाच दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो, त्याचे कारण मात्र १९६८ साली दिल्लीत त्या दिवशी भरलेली व्यावसायिकांची परिषद हे आहे. ऑलिंपियातील खेळाची आठवण त्या दिवशी कोणी काढीत नाही.)

पुढे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकातून फाळक्यांनी भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. आजच्या यशोगाथेशी तिची तुलना उद्बोधक ठरते. आजची गाथा अडचणी सांगते त्या ओलांडून झाल्यावर, म्हणजे त्यांचा अलंकार झाल्यावर. फाळक्यांनी लिहिले तेव्हा उद्योगाचे भवितव्य अनिश्चित होते, आणि आपला धंदा भांडवलावाचून अडतो आहे हे ते वाचकाला उघड सांगत होते. लेखन आर्जवी आहे, क्वचित आत्मगौरवाकडे झुकणारेही आहे. तथापि त्यात कर्ज लपलेले नाही. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली आणि दुसऱ्याच वर्षी मतभेदांमुळे फाळके तिच्यातून बाहेर पडले. ‘वाढ’ या शब्दाचा हा दुसरा अर्थ. उद्योग मोठा झाला तो भांडवलाच्या अटींवर, आणि ज्याने तो आरंभला त्याला ‘नाही’ म्हणावयाचे तर स्वतःलाच बाहेर जावे लागले.

अर्थात फाळक्यांचे उदाहरण एका मर्यादेपलीकडे ताणता येणार नाही. ते स्वतःच्या मालाची प्रसिद्धी करीत होते. दुसऱ्याच्या मालाची प्रसिद्धी पैसे घेऊन करणे हा वेगळाच व्यवहार आहे, आणि त्याचे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय लहान संस्थेची कोंडी कळत नाही.

पैसे कोणाकडून?

जाहिरातीचा दलाल हा या परिसरातील जुना व्यावसायिक. गिरगावातील बी. दत्ताराम आणि कंपनी ही संस्था १९०५ पासूनची असल्याचे, आणि देशातील सर्वांत जुनी भारतीय जाहिरातसंस्था असल्याचा दावा ती करीत असल्याचे जाहिरातव्यवसायाच्या इतिहासांत नोंदलेले आढळते. अशा संस्थांचे उत्पन्न वृत्तपत्राकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालत असे. पुढे वृत्तपत्रमालकांच्या संघटनेने, म्हणजे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या व आज इंडियन न्यूजपेपर सोसायटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने, मान्यताप्राप्त जाहिरातसंस्थांना पंधरा टक्के कमिशन आणि बिल भरण्यास ठरावीक मुदत ही पद्धत रूढ केली. व्यवहार रोकठोक होता : जागा विकत घेतली जात होती आणि ती विकत घेतली आहे हे वाचकाला दिसत होते.

जनसंपर्क संस्थेचा व्यवहार याच्या उलट आहे. ती वृत्तपत्राला काही देत नाही आणि त्याच्याकडून काही घेत नाही. पैसे ग्राहक देतो, बहुधा मासिक ठराविक रकमेच्या रूपाने, ज्याला व्यवसायात ‘रिटेनर’ म्हणतात. आणि मोबदल्यात जे मिळावे अशी ग्राहकाची अपेक्षा असते ते, म्हणजे बातमी, संस्थेच्या मालकीचे नसतेच. दुसऱ्याच्या निर्णयस्वातंत्र्यावर आपली कमाई उभी करणे हा या व्यवसायाचा मूळ अंतर्विरोध आहे. उपसंपादकाने पत्रक टोपलीत टाकले तरी महिनाअखेर बिल पाठवावयाचे असते.

व्यवसायाचे औपचारिक रूप मुंबईत मोठ्या उद्योगघराण्यांच्या आश्रयाने घडले. टाटा समूहाने १९४३ मध्ये जनसंपर्क विभाग सुरू केला, १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि १९६८ च्या दिल्ली परिषदेत आचारसंहिता स्वीकारली गेली. ही सारी पगारी अधिकाऱ्यांची दुनिया होती. स्वतंत्र संस्थांना खरा वाव मिळाला तो १९९१ नंतर. १९९२ मध्ये भांडवली रोख्यांच्या सरकारी नियंत्रकाचे कार्यालय बंद झाले, सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, आणि भागविक्रीसाठी लोकांपुढे येणाऱ्या कंपन्यांना पत्रकार परिषदा, पत्रके, मराठी-गुजराती वाचकांपर्यंत पोहोचणारे मजकूर यांची एकाएकी गरज भासू लागली. मोठ्या संस्था या लाटेवर वाढल्या. लहान संस्थांच्या वाट्याला आले ते उरलेले, परंतु मुबलक काम : शिवाजी मंदिरात प्रयोग लावणाऱ्या नाट्यसंस्था, सहकारी बँका, खासगी शिकवण्या, सराफ, दादरची साड्यांची दुकाने, दिवाळी अंक.

खोलीचे गुपित

गाथेतील ‘एक खोली’ या तपशिलाकडे थोडे थांबून पाहावयास हवे. गिरगाव-दादरमधील अशी खोली बहुधा पागडीची असते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेले भाडे १९९९ च्या कायद्यानेही बाजारभावापर्यंत गेले नाही. आजोबांच्या नावावरची, नाममात्र भाड्याची, चर्चगेट वा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काही मिनिटांवरची जागा ही ‘शून्य भांडवल’ म्हणून सांगितली जाते. ते शून्य नव्हते. ते वारशाने आलेले, आणि व्यवसायाच्या दृष्टीने फार मोठे, अनुदान होते. ‘नवाकाळ’ १९२३ पासून गिरगावातलाच. ‘महाराष्ट्र टाइम्स’ बोरीबंदरला, ‘लोकसत्ता’ दीर्घकाळ नरिमन पॉइंटला, ‘सामना’ प्रभादेवीला, पत्रकार संघ आझाद मैदानाजवळ. एका माणसाने एका दुपारी पायी आणि लोकलने सर्व कचेऱ्या करून परतावे, असा हा भूगोल होता. विरार वा डोंबिवलीहून तोच धंदा तेवढ्याच चिकाटीने करणाऱ्याची गाथा वेगळी झाली असती.

गुमास्ता परवाना काढला की दुकान मांडता येते, पण वाढीचा प्रश्न वसुलीशी येऊन अडतो. १ मे २००६ पासून जनसंपर्क ही सेवाकराच्या कक्षेतील स्वतंत्र सेवा ठरली. जाहिरातसंस्थांवर हा कर १९९६ पासूनच होता. म्हणजे कायद्याच्या भाषेत या दोन व्यवसायांची ताटातूट दहा वर्षांनी झाली. कर अधिभारासह १२.२४ टक्के, सूट वार्षिक चार लाखांपर्यंत. ही मर्यादा २००७ मध्ये आठ आणि २००८ मध्ये दहा लाख झाली. २०१७ पासून अठरा टक्के वस्तू व सेवा कर आला. बिल केले की कर भरावयाचा, आणि ग्राहकाने पैसे द्यावयाचे ते तीन-चार महिन्यांनी. सूक्ष्म व लघुउद्योगांना पंचेचाळीस दिवसांत देणी चुकवावीत असे २००६ चा कायदा सांगतो. परंतु मोठ्या ग्राहकावर तक्रार करणारी लहान संस्था त्याला पुन्हा कधी दिसणार नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. आयकर कायद्यातील दुरुस्तीने २०२४-२५ या कर-आकारणी वर्षापासून अशी थकीत देणी खर्चात धरण्यावर बंधन आले तेव्हा कोठे ग्राहकांच्या लेखाविभागांत हालचाल दिसू लागली.

हा तपशील नीरस आहे. यशोगाथेत तो का येत नाही हे उघड आहे. परंतु ‘नाही’ म्हणण्याची ऐपत येथेच ठरते. तीन ग्राहकांवर चालणाऱ्या संस्थेला त्यांपैकी एकाचे खोटे पत्रक नाकारावयाचे असेल तर एक तृतीयांश उत्पन्न सोडण्याची तयारी हवी, आणि उरलेल्या दोघांकडे मागील तिमाहीचे पैसे अडकलेले असतात. आंतरराष्ट्रीय जनसंपर्क संघटनेच्या १९६५ च्या अथेन्स संहितेने सत्याला अन्य गरजांपुढे दुय्यम स्थान देऊ नये असे बजावले आहे. पगारी अधिकाऱ्यासाठी तो नीतीचा प्रश्न असेल. लहान संस्थेसाठी तो रोकडीचा प्रश्न आहे.

प्रसिद्धिपत्रकाची मराठी

व्यवसायाचे खरे अपत्य म्हणजे प्रसिद्धिपत्रक, आणि मराठी समीक्षेने त्याच्याकडे कधी वाङ्मय म्हणून पाहिलेले नाही. पाहावयास हवे, कारण वृत्तपत्रीय मराठीचा मोठा हिस्सा आज त्यातून येतो.

मुंबईच्या मराठी वृत्तपत्रांच्या टपालात दोन जातींची पत्रके येत आली आहेत. पहिली जात मंडळाची. ‘मोठ्या उत्साहात संपन्न झाला’, ‘मान्यवरांच्या शुभहस्ते’, ‘असे प्रतिपादन त्यांनी केले’, ‘उपस्थितांचे आभार मानले’ हे तिचे ठरलेले शब्दसमूह. ‘संपन्न’ या शब्दाला समृद्धीचा जो अर्थ होता तो या पत्रकांनी पुसून टाकला; आता तो केवळ ‘झाला’चा भारदस्त पर्याय आहे. पण बारकाईने पाहता या पत्रकात वाक्य हे निमित्तमात्र असते; ती नावे टांगण्याची खुंटी असते. सोळा नावे छापून आली पाहिजेत, कारण त्या सोळा जणांनी वर्गणी, मांडव, वीज, पाणी यांची व्यवस्था केली आहे. हे पत्रक कंटाळवाणे असते, लबाड नसते. त्यातील प्रत्येक माणूस त्या गल्लीत भेटू शकतो.

दुसरी जात कंपनीची. ती मुळात इंग्रजीत जन्मते आणि मराठीत आणली जाते. ‘आम्हाला जाहीर करण्यास अत्यंत आनंद होत आहे’ हे तिचे पालुपद. कंपनी ‘अग्रगण्य’ असते, तिची सेवा ‘ग्राहककेंद्री’ असते, तिचे पाऊल नेहमी ‘महत्त्वपूर्ण’ असते. मराठीत आनंद माणसाला होतो. येथे तो मर्यादित दायित्वाच्या संस्थेला होतो. वाक्ये लांब, विशेषणे दाट, आणि कोठे, केव्हा, कोणी, किती या चार प्रश्नांची उत्तरे बहुधा तिसऱ्या परिच्छेदात किंवा नाहीतच. पहिल्या जातीत नावे फार आणि दुसऱ्या जातीत माणूसच नाही.

लहान मराठी संस्थेला अर्थपूर्ण जागा होती ती या दोहोंच्या मध्ये. उपसंपादकाच्या डोळ्याने ग्राहकाकडे पाहणे, त्याच्याजवळ सांगण्यासारखे खरोखर काय आहे हे शोधणे आणि ते चार साध्या वाक्यांत लिहिणे, हे कौशल्य मोठ्या संस्थेच्या इंग्रजी कचेरीत सहसा नव्हते. नाट्यसंस्थेचा शंभरावा प्रयोग ही बातमी नाही. त्या प्रयोगात आजारी नटाच्या जागी कोण उभे राहिले ही बातमी आहे. सहकारी बँकेचा वर्धापनदिन ही बातमी नाही. व्याजाचा दर बदलला असेल तर ती आहे. हे ज्याला कळते त्याला ओळखीची गरज कमी पडते, कारण त्याचे पत्रक अनोळखी उपसंपादकही वाचतो.

युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वीच्या काळात या भाषिक कामाचा एक अदृश्य वाटेकरी होता. श्रीलिपीत टंकलेला मजकूर आकृती वापरणाऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हे दिसत. त्यामुळे लहान संस्था अक्षरजुळणी करणाऱ्या एखाद्या डीटीपीवाल्याशी बांधलेली असे. छापील प्रती घेऊन पोऱ्या कचेऱ्या फिरे. हा अक्षरजुळणीकार ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करी, ‘हे वाक्य मराठीत असे बसत नाही’ असेही सांगे. कोणत्याही यशोगाथेत त्याचे नाव नाही. युनिकोड आणि ई-मेल आल्यावर एकच मजकूर एका क्षणी चाळीस पत्त्यांवर जाऊ लागला, खर्च वाचला, आणि पत्रक वाचणारा पहिला परका वाचक व्यवस्थेतून गळला. अलीकडे यंत्राने केलेले भाषांतर त्याच्या जागी आले आहे.

दुसऱ्या बाजूला वृत्तपत्रांचे संपादकीय विभाग आक्रसले. हाताशी माणूस नाही म्हणून पत्रक जसेच्या तसे छापले जाऊ लागले. संस्थेच्या दृष्टीने हा विजय वाटतो. गाथेत तो विजय म्हणूनच नोंदला जातो. भाषेच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की ग्राहकाचा शब्द कोणत्याही चाळणीतून न जाता बातमीचा शब्द झाला. ‘संपन्न’ आणि ‘अग्रगण्य’ हे आता पत्रकाचे शब्द राहिले नाहीत, ते पहिल्या पानाचे झाले.

जागेची विक्री, दोन प्रकारची

२००३ मध्ये टाइम्स समूहाने ‘मीडियानेट’ ही व्यवस्था आणली आणि पुरवण्यांतील मजकुराची जागा उघडपणे विकावयास सुरुवात केली. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील ‘पेड न्यूज’चे प्रकरण पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून चव्हाट्यावर आणले, २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने, परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांनी, त्यावर सविस्तर अहवाल सिद्ध केला. परिषदेने प्रथम त्याचा संक्षेपच स्वीकारला. या घटनांची चर्चा पत्रकारितेच्या नीतीच्या अंगाने पुष्कळ झाली. लहान जनसंपर्क संस्थेवर त्यांचा काय परिणाम झाला हे कोणी पाहिले नाही. जी जागा पैशाने मिळत नाही ती मिळवून देणे एवढाच तिच्या सेवेचा अर्थ होता. जागेला दरपत्रक लागल्यावर तिचे कौशल्य निरर्थक ठरले, किंवा ती त्याच दरपत्रकाची दलाल झाली. आणि दत्तारामच्या काळातील दलालीत जो उघडपणा होता तोही या दलालीत नव्हता.

दुसरी विक्री परळमधील. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती आणली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. या जमिनींवर जी कार्यालये उभी राहिली त्यांत जाहिरात आणि जनसंपर्क संस्थांचा भरणा लक्षणीय आहे. १९९७ मध्ये जनसंपर्काच्या क्षेत्रात उतरलेली आणि देशातील मोठ्या संस्थांत गणली जाणारी अ‍ॅडफॅक्टर्स कमला मिलच्या आवारातील पत्त्याने ओळखली गेली. यशोगाथेतील लोअर परळ हे याच अर्थाने गंतव्यस्थान आहे. पत्त्याचा पूर्वेतिहास गाथेत येत नाही.

तो येथे आणण्याचे कारण भावनिक नाही. याच परिसरात, याच वर्षांत, जनसंपर्काचे एक मोठे काम कोणत्याही संस्थेविना झाले. दत्ता इस्वलकर (निधन २०२१) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभी केली तेव्हा संप इतिहासजमा झाला होता, वृत्तपत्रांचा रस संपला होता, आणि गिरण्या म्हणजे आजारी उद्योग, जमीन म्हणजे शहराची संधी, ही मांडणी सर्वमान्य होऊ लागली होती. समितीजवळ काय होते? पत्रके, गेटसभा, नाक्यावरचे वार्ताफलक, उपोषण आणि मोर्चा. शिवाय ऐकून घेणारे काही पत्रकार, वास्तुरचनाकार व अभ्यासक. मागणी मात्र नेमकी होती : गिरणीच्या जमिनीत कामगाराला घर. ‘न्याय मिळालाच पाहिजे’ या घोषणेपेक्षा हे वाक्य फार वेगळे आहे. त्यात कर्ता, वस्तू आणि जागा आहे. उपसंपादकाला त्यातून मथळा काढता येतो आणि मंत्र्याला त्याला हो किंवा नाही असेच उत्तर द्यावे लागते. २०१२ मध्ये घरांची मोठी सोडत निघाली. अर्जदारांच्या संख्येच्या मानाने घरे फार थोडी होती, आणि समितीचे यश कितपत मानावे याविषयी मतभेद आहेत. परंतु विरुद्ध बाजूला भांडवल, जमीन आणि प्रसिद्धियंत्रणा असताना तेवीस वर्षे एक मागणी लोकांच्या आणि वृत्तपत्रांच्या स्मरणात जिवंत ठेवणे हे व्यवसायाच्या कोणत्याही निकषावर असामान्य काम आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी संकलित केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासात या माणसांचे बोलणे वाचावयास मिळते. त्यातील भाषा आणि त्याच वर्षांतील कंपनी-पत्रकांची भाषा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

मोजमापाचा प्रश्न

समितीला तिचे काम सेंटिमीटरमध्ये मोजावे लागले नाही. संस्थेला लागते. महिनाअखेर कात्रणांची फाईल ग्राहकापुढे ठेवली जाते. प्रत्येक कात्रणाचे स्तंभ-सेंटिमीटर मोजले जातात, त्या वृत्तपत्राच्या जाहिरातदराने त्यांना गुणले जाते, आणि एवढ्या रुपयांची प्रसिद्धी फुकट मिळवून दिली असा आकडा सांगितला जातो. २०१० च्या बार्सिलोना तत्त्वांत व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी हे मोजमाप जनसंपर्काचे मूल्य दर्शवीत नाही असे स्पष्ट केले; तरी लहान ग्राहकाला समजणारा दुसरा आकडा नसल्याने ते चालूच राहिले. २०२० च्या टाळेबंदीत काही काळ घरोघरचे वृत्तपत्र बंद झाले तेव्हा सेंटिमीटरच उरले नाहीत, आणि अनेक संस्था समाजमाध्यमांवरील प्रभावकांकडे वळल्या. तेथे पैसे घेतल्याचे सांगावे असे जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये ठरवून दिले आहे. वृत्तपत्रातील पत्रकावर असे कोणतेही चिन्ह छापण्याची रीत नाही.

मोजमापाच्या या पद्धतीत एका कामाची नोंद कोठेच होत नाही. ग्राहकाने आणलेला दावा खरा नाही म्हणून त्याला समजावून परत पाठविणे, अर्ध्या पानाचे पत्रक चार ओळींवर आणणे, किंवा या महिन्यात सांगण्यासारखे काही नाही असे स्पष्ट कळविणे, ही कामे अनुभवी माणसाचा पुष्कळ वेळ घेतात आणि त्यांचे कात्रण निघत नाही. रिटेनर याच कामासाठी असतो असे व्यवसायातील जाणती माणसे म्हणतात. बिलात मात्र ते तसे लिहिण्याची सोय नसते.